टाकी कुणी रिकामी केली

मागच्या वर्षी निपाणीत एका लग्नाला गेलो होतो. मुलीकडचे लोक तंबाखूचे जुने व्यापारी. तरुणपणी मी त्यांच्या वखारीच्या गाड्यांची कामं केली होती, म्हणून अजून पत्रिका येते. जेवणं झाल्यावर नव्या पिढीतल्या कुणीतरी मला खुर्चीत बसवलं, भोवती माणसं जमवली आणि "आजोबा, त्या बसच्या टाकीची गोष्ट सांगा की" असा आग्रह धरला.

मी सांगितली. नुसती सांगितली नाही, करून दाखवली. बाही वर सरकवली, या वयात गुडघा टेकला, पाना कसा धरला आणि तोंड कसं फिरवलं ते दाखवलं. लोक पोट धरून हसले. शेवटी त्या घरातली एक मुलगी पाया पडली आणि म्हणाली, "त्या काळात तुम्ही जात बघितली नाहीत, लाज बघितली नाहीत." मी तिला आशीर्वाद दिला, विडा तोंडात घातला आणि बेळगावची बस धरली.

त्या गोष्टीतली बस खरी आहे. टाकी खरी आहे. ती मी बनवली हेही, दुर्दैवानं, खरं आहे. पण ती मी रिकामी केली हे खोटं आहे, आणि त्या खोट्यापायी एका ड्रायव्हरची नोकरी गेली. ती वाचवणं माझ्या हातात होतं. आता माझ्या वयाची माणसं भराभर चालली आहेत, तेव्हा गोष्ट एकदा सरळ लिहून काढतो.

सत्तरच्या दशकाची अखेर असेल. मी निपाणीत हमरस्त्याकडेच्या एका गॅरेजात होतो. तिथं ट्रकांना आणि बसना बॉडी बांधायचं काम चाले. बेळगावात डिप्लोमाला घातलं होतं, तो अर्धवट सोडून मी तिथं आलो होतो. पण मला नकाशा काढता येई आणि कानावर पेन्सिल असे, तेवढ्यावर सगळे मला 'इंजिनेर' म्हणत. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. ही सवय तेव्हापासूनची.

तंबाखूच्या वखारीचे मालक एक दिवस गॅरेजात आले. त्यांनी लिलावात एक जुनी बस घेतली होती. तिच्यात बसायला बाकं, झोपायला फळ्या, स्टोव्हला ओटा आणि कोपऱ्यात संडास, एवढं बसवून पाहिजे होतं.

"बसमध्ये संडास?" आमचे मेस्त्री म्हणाले. "आगगाडीत असतोय तसा?"

"तसा न्हाई. आगगाडीतला रुळावर पडतोय. मला रस्ता घाण करायचा न्हाई," मालक म्हणाले. "आईला समुद्र बघायचाय. गोकर्णाला न्यायचंय. तिला लघवीचा त्रास. दर अर्ध्या तासाला गाडी थांबवून, सुना-नातवंडांच्या देखत झुडपाआड बसायचं म्हणजे ती येणारच न्हाई म्हणती."

खरी अडचण ही होती. मालकांची आई, जिला सगळं गाव आज्जी म्हणे, एवढ्या कारणानं कित्येक वर्षं निपाणीबाहेर पडली नव्हती. नातेवाइकांची लग्नं तिनं अशीच सोडून दिली होती आणि कारण म्हणून गुडघे सांगितले होते.

मेस्त्रींनी नाही म्हणून मान हलवली, पण मी पुढं झालो आणि म्हणालो, "होईल की. खाली टाकी बसवायची. भरली की सोडायची. त्यात काय आहे?"

त्यात काय आहे, ते पुढं कळलं.

मी पत्र्याची टाकी वेल्डिंग करून बसच्या पोटाखाली मागच्या चाकाजवळ टांगली. वर भांडं, खाली निघायला जाड नळ, नळाला विहिरीच्या पंपाचा, हातानं चाक फिरवून उघडायचा जुना गेट व्हॉल्व्ह. टाकीतली हवा बाहेर जायला एक पाइप लागतो, एवढं मी कुठंतरी वाचलं होतं. तो पाइप मी कोपऱ्यातून छपरापर्यंत सुबक नेला. छपराला भोक पाडून बाहेर काढायचा मात्र राहिला. तो आतच, पडद्यामागं संपत होता, आणि पडद्याच्या अलीकडे मालकांची जागा होती.

मालकांचा ड्रायव्हर माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. बौद्ध घरातला. त्याच्या वडिलांनी जन्मभर वखारीत हमाली केली होती, आणि हा त्यांच्या घरातला हेवी लायसन काढलेला पहिला माणूस. ते लायसन तो वरच्या खिशात मेणकागदात गुंडाळून ठेवी. मी त्याला अण्णा म्हणायचो. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं खाली वाकून टाकी बघितली.

"इंजिनेर, भरल्यावर ही सोडणार कोन?"

"सोडायला काय लागतंय अण्णा? चाक फिरवायचं."

"चाक कोन फिरवणार, तेच इचारतोय."

"मी आहे की बरोबर," मी म्हणालो. मालकांनी मला खास त्यासाठीच बरोबर घेतलं होतं. माणसं, भांडी, गाद्या, स्टोव्ह आणि इंजिनेर.

निघालो. मालक, मालकीणबाई, सुना, लहान मुलं, आज्जी. आज्जी खिडकीशी बसल्या होत्या, डोक्यावरचा पदर दातांत धरून, आणि पहिल्या अर्ध्या तासातच उठून कोपऱ्यात जाऊन आल्या. येताना माझ्याकडं बघून हसल्या. आयुष्यात माझ्या कामाची एवढी मनापासून पावती मला परत मिळाली नाही.

आता माझी अक्कल. मला वाटलं, टाकी भरूच कशाला द्यायची? व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवला तर बारीक धार रस्त्यावर पडत राहील, ऊन-वारा ती वाळवेल आणि सोडायची वेळच येणार नाही. मालकांना रस्ता घाण करायचा नव्हता, पण मालक मागं वळून कशाला बघताहेत! निघताना मी कुणाला न सांगता व्हॉल्व्ह दोन आटे सैल करून ठेवला.

अशी टाकी सांभाळायची पहिली गोष्ट मला त्या प्रवासात शिकायला मिळाली. व्हॉल्व्ह घट्ट बंद ठेवायचा, टाकीत भरपूर पाणी घालत राहायचं आणि चांगली भरली की एकदम सोडायची. पाण्याच्या जोरानं सगळं बाहेर पडतं. थोडा उघडा ठेवला तर पाणी तेवढं गळून जातं आणि बाकीचं आत बसून राहतं. बसतं, वाळतं, थर धरतं. मी काय केलं होतं, तर एक चाळणी बनवली होती.

बेळगावात टिळकवाडीच्या रस्त्याला एक सायकलवाला आमच्या मागं लागला. वडगावचा विणकर असावा. मागं साड्यांचं बोचकं बांधलेलं होतं. तो जीव खाऊन पायडल मारत खिडकीपर्यंत आला आणि ओरडला, "ओ मालक! मागनं पानी गळतंय! रेडिएटर फुटलाय जनू!"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. "रेडिएटर पुढं असतो न्हवं रं?"

"जादा पाणी आहे ते. काढून टाकतोय," मी म्हणालो.

विणकर तोंडावरचे शिंतोडे पुसत आमची काळजी करत मागं राहिला. त्याची माफी कशी मागावी हे मला अजून सुचलेलं नाही.

खानापूरच्या आसपास भांड्यातलं पाणी उतरेना. थोडं पुढं गेल्यावर ते वर यायला लागलं. आणि चढ लागला, तसा माझा तो सुबक पाइप पडद्यामागून श्वास सोडायला लागला. मालकांनी आधी मुलांना रागावून बघितलं. मग सुनांनी नाकाला पदर लावले. मग मालक उठले, पडदा बाजूला केला आणि बराच वेळ पाइपाच्या तोंडाकडं बघत राहिले.

"गाडी थांबीव," ते ड्रायव्हरला म्हणाले. "परत फिरव. बास झालं गोकर्ण."

आज्जींनी फक्त खिडकीकडं तोंड केलं. मालकीणबाई म्हणाल्या, "अवं, त्या इतक्या आशेनं निघाल्यात." आणि मी, गप्प बसायची एवढी चांगली संधी असताना म्हणालो, "अर्ध्या तासाचं काम आहे मालक. पाणी घालून सोडून देतो."

रस्त्याकडेला मुरमाची एक जुनी खाण होती. मुरूम काढून काढून मोठा खड्डा पडलेला, भोवती करवंदीच्या जाळ्या, आणि खाली थोड्या अंतरावर ओढा. मालकांच्या ओळखीच्या शेतकऱ्याचं घर तिथून दिसत होतं. ते सगळ्यांना घेऊन चहाला निघाले. "तुम्ही दोघं बघून घ्या," ते म्हणाले, आणि 'दोघं' म्हणताना त्यांची नजर एकट्या ड्रायव्हरवर होती. आज्जी गुडघ्यांचं निमित्त करून गाडीतच बसल्या.

सुरुवात बरी झाली. ड्रायव्हरनं ओढ्याचं पाणी कॅन भरभरून आणलं, मी वरून ओतलं. मी व्हॉल्व्ह गच्च बंद केला आणि म्हणालो, आता आतलं भिजून ढवळलं पाहिजे. ड्रायव्हर म्हणाला, "गाडी हलवायची न्हवं? ते माझं काम." त्यानं ती बस खड्ड्याच्या कडेनं दगडधोंड्यांतून अशी पुढं-मागं घुमवली, की आतली भांडी नाचायला लागली आणि आज्जी आतून ओरडल्या, "अरं, मला बी ढवळतोस व्हय?"

मग बस खड्ड्याकडं मागचा भाग करून उभी केली. चाक फिरवायचं राहिलं. ते माझं काम.

मी खाली शिरलो. व्हॉल्व्ह बाजूनं, नुसतं उकिडवं बसून हाताला येत होता, पण इंजिनेर गाडीखाली आडवा झोपतो अशी माझी समजूत. पाना लावला. चाक हलेना. जोर लावला. आणि वरून एक थेंब माझ्या कपाळावर पडला.

एकच थेंब. तो टाकीतला होता, की कॅन भरताना सांडलेलं ओढ्याचं पाणी होतं, हे मी आजही सांगू शकत नाही. मी बाहेर कसा आलो तेही आठवत नाही. आठवतं ते थेट ओढ्यात कपड्यांसकट बसलेलो असतानाचं. सकाळचे पोहे ओढ्याला वाहून झाले होते, आणि मी वाळूनं कपाळ घासत होतो.

वर आलो तेव्हा ड्रायव्हर बोनेटला टेकून बिडी ओढत होता. मी त्याला काही म्हणालो नाही. देवाशपथ एक शब्द बोललो नाही. मी टाकीकडं बघितलं, आणि मग त्याच्याकडं बघितलं.

त्यानं बिडी विझवली.

"बघू नकासा," तो म्हणाला.

"मी कुठं काय म्हणालो अण्णा?"

"म्हणायचं कुठं असतंय? माझ्या बापाला गावात असंच बोलवायचे. कुणाच्या गोठ्यात जनावर मेलं की कोन काय बोलायचं न्हाई. नुस्तं बघायचे त्याच्याकडं. त्यो उठायचा." त्यानं खिशावर हात ठेवला, लायसन होतं तिथं. "पानी आनलं. गाडी हलवली. सांगा, कारवारपतोर न थांबता नेतो. पर ह्याला मी हात लावनार न्हाई. हे तुम्ही करतो म्हनला व्हतासा."

मी म्हणालो होतो, हे खरंच होतं. मी ओल्या कपड्यांत उभा राहून मालक परत येताना दिसतात का ते बघत होतो. त्यांनी त्याला सांगितलं असतं तर मला सांगावं लागलं नसतं. एवढाच माझा विचार.

तेवढ्यात बसच्या पायरीवर आज्जी दिसल्या. नऊवारीचा काष्टा घट्ट आवळलेला, पदर कमरेला, आणि हातात स्वयंपाकाच्या सामानातला वरवंटा.

"झालं तुमचं बोलणं?" त्या म्हणाल्या. "आता कुठं बसायचं ते सांगा. गुडघं वाकत न्हाईत माझं."

"आज्जी, तुम्ही?" ड्रायव्हर पुढं धावला. "अवं नका. आना हिकडं, मी करतो."

"तू सरक. तू न्हाई म्हणालास न्हवं? मग बोललेलं मोडायचं न्हाई." त्यांनी त्याचा हात बाजूला केला. "पोतं हाय का? पोतं टाक."

त्यानं सीटमागचं पोतं काढून चाकाशेजारी घडी करून ठेवलं. आज्जी त्याच्या खांद्याला धरून खाली बसल्या, चुलीपुढं बसाव्यात तशा.

"आज्जी, हे बरं दिसत नाही," मी लांबूनच म्हणालो.

"बघायला कोन हाय हितं? आणि ह्यातलं निम्म्याहून जास्त माझंच हाय रं बाबा. ज्याचं त्यानं काढावं, त्यात काय?" त्यांनी चाकाला हात घातला. "कुणीकडं फिरवू?"

"डावीकडं."

"तुझ्या डावीकडं, का माझ्या?"

मी तेही चुकीचं सांगितलं. ड्रायव्हरनं बरोबर सांगितलं. त्यांनी वरवंट्यानं चाकाच्या दांड्यावर घाव घातला, मग आणखी एक, आणि त्यानंतर मात्र वेळ लागला नाही. ढवळलेलं सगळं एकदम, मोठ्या आवाजानं, धो धो खड्ड्यात गेलं. आज्जी तोंड फिरवून बसून होत्या. हातांवर, कोपरापर्यंत, जे उडायचं ते उडालं होतं. शेवटचं पाणी स्वच्छ येईपर्यंत त्यांनी ड्रायव्हरला वरून कॅन ओतायला लावले. मग चाक बंद केलं, वरवंटा खड्ड्यात फेकून दिला आणि म्हणाल्या, "आता हात दे मला कुणीतरी. का तेवढ्यालाबी न्हाई म्हणताय?"

ड्रायव्हरनं त्यांना धरून उठवलं. मी नाही.

ओढ्यावर हात-पाय धुताना त्यांनी आम्हा दोघांना शपथ घातली. "घरात कळता कामा नये. सून माझ्या हातचं पाणी घ्यायची न्हाई आणि लेक देवघरात पाऊल ठेवू द्यायचा न्हाई. सोवळं लई हाय आमच्यात."

"मग काय सांगायचं?" ड्रायव्हरनं विचारलं.

आज्जींनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "ह्यानं केलं म्हणायचं. निदान भिजलाय तरी."

तिघंही हसलो. माझ्या थोरपणाची सुरुवात अशी झाली.

मालक परत आले, टाकी रिकामी बघितली, माझे ओले कपडे बघितले आणि माझी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी आम्ही गोकर्णला पोचलो. आज्जी समुद्रात घोट्याइतक्या पाण्यात उभ्या राहिल्या आणि कितीतरी वेळ वाकून हात धूत राहिल्या. लाट आली की हात घालायच्या, वाळूनं चोळायच्या, पुन्हा लाटेची वाट बघायच्या.

"आई, किती धुतीस? चल की," मालक म्हणाले.

"धुऊ दे की. एवढं पाणी कधी मिळालं होतं?"

ड्रायव्हर वाळूत बसून ते बघत होता. मी बघत नव्हतो.

निपाणीत परतल्यावर मालकांनी वखारीत मला शाल आणि नारळ दिला. सगळे हमाल, कारकून, शेजारचे व्यापारी जमले होते. "शिकलेला पोरगा," मालक म्हणाले, "शेतकऱ्याच्या घरातला. पण कमीपणा मानला न्हाई." टाळ्या पडल्या. आज्जी तिथं नव्हत्या, घरी होत्या. ड्रायव्हर दाराशी उभा होता, त्यानंही टाळ्या वाजवल्या, आणि नंतर हळूच म्हणाला, "शाल ऊबदार दिसती." मीही हसलो. तोपर्यंत ती थट्टाच होती.

महिन्याभरानं मालकांनी पाहुण्यांना घेऊन सौंदत्तीला जायचं ठरवलं. मला गॅरेजातून सवड नव्हती. मालक ड्रायव्हरला म्हणाले, "ह्या वेळी टाकीचं तू बघ."

तो म्हणाला, "मी गाडी चालवतो मालक. टाकी न्हाई."

"इंजिनेरनं हात घातला, त्याचं काय झिजलं? तुलाच बरा कमीपणा वाटतोय?"

"त्यांनी हात घातला न्हाई."

"मग कुणी घातला?"

ड्रायव्हर गप्प बसला. आज्जींना शब्द दिलेला होता. मालकांना वाटलं, खोटं बोलतोय, वर माझ्यावर जळतोय. त्यांनी त्याच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गॅरेजात आला. भांडायला आला नव्हता. माझ्या शेजारी फळीवर बसला आणि म्हणाला, "इंजिनेर, एवढंच सांगा मालकास्नी, की तुम्ही केलं न्हाई. कुणी केलं ते सांगू नकासा. आज्जींचा शब्द ऱ्हाईल, माझं काम ऱ्हाईल. तुमचं काय जायाचं? शाल बी परत मागनार न्हाईत."

इतका सोपा मार्ग होता. मलाही तो पटला. "सांगतो," मी म्हणालो.

पण त्याच आठवड्यात टिळकवाडीतल्या एका शिक्षकांच्या मुलीचं स्थळ मला आलं होतं. शिक्षक सुधारक विचारांचे. त्यांना माझा पगार पसंत नव्हता, अर्धवट डिप्लोमा तर मुळीच नाही. टाकीची गोष्ट तेवढी पसंत होती. ते मालकांना भेटून ती ऐकून गेले होते. म्हटलं, बैठक होऊ दे, मग सांगू. बैठक झाली. म्हटलं, साखरपुडा होऊ दे. ड्रायव्हर पुन्हा आला नाही.

साखरपुड्यानंतर आज्जींनी बोलावणं पाठवलं. ड्रायव्हर कामावर नाही हे त्यांना तेव्हा कळलं होतं. घरात त्यांना तो गावाला गेलाय म्हणून सांगितलं होतं.

"तू बोलला न्हाईस?"

"तुम्हीच शपथ घातली होती आज्जी."

"माझी शपथ तुझ्या बरी सोयीची झाली रं," त्या म्हणाल्या आणि तिथूनच मुलाला हाक मारली. मालक आले, मागोमाग मालकीणबाई आल्या. आज्जींनी काही न लपवता सांगितलं. पोतं, चाक, वरवंटा, सगळं. देवघर बंद झालं तरी चालेल, म्हणाल्या, पण त्या पोराला परत घ्या.

मालक आधी हसले, मग गोंधळले. "आई, तू? तुला घरातलं फडकं चालत न्हाई कुणी शिवलेलं." ते माझ्याकडं वळले. "इंजिनेर, काय म्हणतीया ही?"

मला उत्तर द्यायला चांगला वेळ मिळाला होता. कुणी घाई केली नाही. आज्जी माझ्याकडं बघत होत्या. ड्रायव्हरकडं मी जसं बघितलं होतं तसं नाही. सरळ, मी खरंच सांगणार असं धरून.

मी म्हणालो, "आज्जींनी धीर दिला मालक. त्या होत्या म्हणून झालं. आता वयाप्रमाणं थोडं इकडंतिकडं होतं."

मालकांचा जीव भांड्यात पडला. मालकीणबाईंचाही. त्यांनी आज्जींच्या पाठीवरून हात फिरवला आणि "चला, पडा जरा" म्हणाल्या.

आज्जी उठल्या नाहीत. "वरवंटा कुठं गेला म्हणून तवापासनं शोधताय न्हवं?" त्या म्हणाल्या. "इचारा की ह्याला."

"मला काय माहीत," मी म्हणालो.

ड्रायव्हरला परत घेतलं नाही. आज्जी त्या बसमध्ये पुन्हा बसल्या नाहीत, म्हणजे पुन्हा निपाणीबाहेर पडल्या नाहीत. मालक कौतुकानं सांगत, "बघा, एवढी गाडी केली आणि आईचा नादच गेला." काही वर्षांनी बस तंबाखूची पोती वाहायला लागली. टाकी कापून काढायला ती बेळगावला माझ्याकडंच आणली होती.

लग्न होताच मी बेळगावला आलो होतो. पहिल्याच महिन्यात घरची मोरी तुंबली. मी काठी घेऊन पुढं झालो, वास आला आणि उलटी करत अंगणात पळालो. बायकोनं मोरी साफ केली, हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "ती टाकी तुम्ही साफ केलेली नाही," ती म्हणाली. मी चूळ भरली. तिनं तो विषय परत काढला नाही, पण माझ्याकडून पाहुण्यांना ती गोष्ट सांगून झाली की ती नेमकी आत चहा ठेवायला जाई.

ऐंशीच्या दशकात एकदा लोंढ्याला जायला सरकारी बसमध्ये चढलो, तर खाकी कपड्यांत ड्रायव्हरच्या जागेवर तो. केस पिकायला लागलेले. त्यानं आरशातून मला ओळखलं.

"या इंजिनेर, बसा फुडं. हिच्यात टाकी न्हाई, घाबरू नकासा."

मी त्याच्या मागच्या सीटवर बसलो. नोकरी कशी लागली ते त्यानं सांगितलं. मधली वर्षं ट्रकवर काढली होती, घरापासून लांब. वडील गेले तेव्हा तो कुठंतरी माल घेऊन गेलेला, पोचू शकला नाही. हे त्यानं गिअर बदलता बदलता सांगितलं, माझ्यावर रोख न ठेवता. मी "अरेरे" म्हणालो. एवढंच म्हणालो.

खानापूर मागं पडलं. थोड्या वेळानं रस्ता मोकळा असताना त्यानं लांबलचक हॉर्न दिला. पुढं माणूस नव्हता, जनावर नव्हतं. बाजूला तीच मुरमाची खाण होती, करवंदीच्या जाळ्यांनी जवळजवळ बुजलेली.

माझ्या शेजारच्या शेतकऱ्यानं विचारलं, "काय अण्णा, कोन आडवं आलं?"

"म्हातारी हाय एक हितं," तो म्हणाला. "दर खेपेला वाजवतो. तिनं लई मोठं काम केलंय हितं."

"कसलं काम?"

त्यानं आरशात बघितलं. "मागं बसल्यात त्यास्नी इचारा. त्यास्नी ठावं हाय."

शेतकरी माझ्याकडं वळला. बसमधली आणखी दोन-चार तोंडंही वळली. आज्जी जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मालक अंथरुणाला खिळलेले. लग्न होऊन मला मुलं झालेली. सांगितलं असतं तर कुणाचं काही जाणार नव्हतं, आणि लोंढा अजून लांब होता.

"ऐकलंय काहीतरी," मी म्हणालो. "नीट आठवत नाही."

ड्रायव्हरनं मान हलवली, आणि परत रस्त्याकडं बघायला लागला. लोंढ्याला उतरताना मी त्याला "येतो अण्णा" म्हणालो. तो म्हणाला, "सावकाश उतरा, इंजिनेर. पायरी वली हाय."

त्याचं आता काय झालं मला माहीत नाही. असेल तर माझ्यापेक्षा थकला असेल. शेतकऱ्याला द्यायचं उत्तर असं आहे: त्या खाणीत एका म्हातारीनं वरवंट्यानं व्हॉल्व्ह उघडला आणि माझी टाकी रिकामी केली. ड्रायव्हर खरं बोलत होता. आज्जींचं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं. मी ओढ्यात बसलो होतो. निपाणीत पाया पडलेल्या त्या मुलीच्या घरचा पत्ता लग्नाच्या पत्रिकेवर आहे. हे कागद आधी तिच्याकडं पाठवतो.